होडी सुलटायचा रविवार

"एका आठवड्यात! दोन वर्षांत तुला जमली नाही ती तुझ्या काठ्यांची सोय मी एका आठवड्यात करून दाखवते!"

असं तिने नवऱ्याला तोंड वर करून सांगितलं, तेव्हा तिच्या एका कडेवर दीड वर्षाची चिमणी होती आणि दुसऱ्या हातात चिमणीचा फ्रॉक. फ्रॉकच्या झालरीत मासे धरायचा गळ रुतून बसला होता. पोर सोफ्यामागे लपायला गेली आणि गळाला लागून आली! झालरीऐवजी बोट असतं तर? डोळा असता तर? चिमणी झाल्यापासून ती या 'तर'वरच जगत होती. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज लावून झाला होता, प्लगांना टोप्या घालून झाल्या होत्या, बादलीत चार बोटांवर पाणी राहत नव्हतं. आणि हा गृहस्थ सोफ्यामागे पाच काठ्या गळासकट उभ्या करतो! घर आहे की मासळीबाजार?

हा गृहस्थ मागच्या शेडमध्ये दोन वर्षं होडी बांधत होता. अकरा फुटी, प्लायवूडची, स्वतःच्या हातांनी. चिमणी नंतर येऊन चालायलासुद्धा लागली, होडी मात्र सुताराच्या लाकडी घोड्यांवर पालथी ती पालथीच. होडी म्हणे अशीच बांधतात, तळ वर करून, आणि शेवटी माणसं लावून सरळ करतात. ती रागावली की नवऱ्याला 'कप्तान' म्हणायची. हल्ली त्याचं खरं नाव घरात कुणी ऐकलं नव्हतं.

"होडी झाली की काठ्या होडीतच राहतील की," कप्तान म्हणाला.

"कुठे? हवेत तरंगत?"

"बघू."

"बघू नाही! येत्या रविवारी होडी उलटणार आहेस ना? त्याच्या आत—"

"सुलटणार म्हण गं!" स्वयंपाकघरातून सासूबाई कडाडल्या. "पाण्यात जायच्या आधीच कसली उलटायची भाषा!"

"बरं, सुलटणार. त्याच्या आत मी होडीत काठ्यांची जागा केली, तर एकही काठी पुन्हा घरात येणार नाही. कबूल?"

"आणि नाही झाली तर?"

"तर ठेव सोफ्यामागे खुशाल. मी ब्रसुद्धा काढणार नाही."

"हे काही हिला जमायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. काय जमायचं नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

झालं! पेटलीच ती. चिमणी झोपली की उशी घेऊन पालथ्या होडीखाली शिरायचं आणि मापं घ्यायची. कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकली होती तसं प्रत्येक माप तीनदा, वर सरासरी. आलेखाच्या कागदावर चित्र काढलं. होडीच्या दोन्ही आतल्या अंगांना छत्रीच्या मुठीसारखे लाकडी आकडे, एका अंगाला सहा, दुसऱ्याला सहा. त्यांच्या खोबणीत काठ्या आडव्या निजवायच्या. खोबणीला जुन्या चपलेचं रबर, म्हणजे ओरखडा नको. आपण इंजिनिअर व्हायला हवं होतं, असं तिला त्या आठवड्यात चारदा वाटलं.

आकडे करायला सुतारकाका आले. ते बोलायचे कमी आणि पेन्सिल कानावरून काढायचे त्याहून कमी. होडीखाली वाकून त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा कागदाकडे पाहिलं.

"ताई, तोंड वर की खाली?"

"कसलं तोंड?"

"आकड्याचं."

"वर! अहो, वरच ना! खाली केलं तर काठ्या पडतील नाही का?"

"तसं नाही ताई, ही होडी जेव्हा—"

"काका, मी तीनदा मोजलंय!"

सुतारकाकांनी काढलेली पेन्सिल परत कानावर ठेवली. "वर म्हणजे वर," म्हणाले.

आकडे बसवायला तिने साधा गोंद घेतला नाही. होडीचाच, दोन डब्यांतलं कालवून लावायचा तो घेतला. माहेरच्यांवर मारलेल्या टोमण्यासारखा, एकदा चिकटला की जन्मात निघत नाही! पाचही काठ्यांचे गळ स्वतः सोडवून, डब्यात घालून, डब्याला दोन रबरं लावली. काठ्या खोबणीत निजवल्या. अश्शा बसल्या! मग शेडला कुलूप. "रविवारपर्यंत कुणी खाली डोकवायचं नाही. कप्तानानेसुद्धा!"

रविवारी सकाळी शेजारपाजारचे आठ जण जमले. सुतारकाका मदतीला म्हणून आले आणि का कोण जाणे, दारापासून आत सरकेनात. सासूबाई चिमणीला घेऊन लांब पायरीवर बसल्या.

"आधी काठ्या काढून घे," कप्तान म्हणाला.

"का? लाट आली की दर वेळी काढून घेणार आहेस? एक काठी जरी हलली तर नाव बदलीन!"

"एक... दोन... तीन!"

होडी कुशीवर आली आणि आतून खड्ड्‌ आवाज झाला. मग खडखड. मग खडखडखड! मांडवाचे बांबू कोसळावेत तशा काठ्या बदाबदा बाहेर आल्या. एक शेजाऱ्याच्या पायावर पडली. तो एका पायावर नाचायला लागला, म्हणून त्याच्या बाजूची होडी खाली आली, म्हणून बाकीचे सात ओरडले. "धरा! सोडू नका!" कशीबशी होडी धप्पकन सुलटी बसली. आत बाराच्या बारा आकडे माना खाली घालून उभे होते, शाळेत शिक्षा झाल्यासारखे!

ती तरातरा पुढे निघाली. वेणीला हिसका बसला. मागे पाहिलं तर वेणीच्या मागून काठी येत होती. पाचव्या काठीला दोन गळ होते, तिने सोडवला होता एकच!

"माछा!" चिमणी टाळ्या पिटत ओरडली.

"उलटे लावलेस तू!" कप्तान म्हणाला.

"मी सरळच लावले! होडी तू उलटी बांधलीस!"

"सगळे उलटीच बांधतात!"

"मग सांगायचं नाही का?"

"दोन वर्षं तुझ्यासमोर पालथी पडलीय! आणखी काय सांगू?"

"मी विचारलं होतं," दारातून सुतारकाका म्हणाले.

तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांच्या कानावरची पेन्सिल पडली. रागाने तिचे कान लाल झाले होते. राग नवऱ्यावर, सुतारावर, होडीवर, पाचव्या काठीवर, आणि सर्वांत जास्त कुणावर ते तिला चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर ती इतक्या मोठ्याने बोलत होती! कप्तानाने वेणीतला गळ सोडवला, शांतपणे पाचही काठ्या गोळा केल्या आणि घराकडे चालू लागला.

"कुठे?"

"सोफ्यामागे. ठरलं होतं ना?"

चिमणी आजीच्या मांडीवरून उतरून त्याच्या मागे, म्हणजे काठ्यांच्या मागे, दुडुदुडु निघाली होती.

"थांब!" तिने पोरीला उचललं. आठही शेजाऱ्यांकडे पाहिलं. "होडी... परत पालथी करा."

"अगं, काय?"

"पालथी असताना काठ्या नीट बसतात. नवे आकडे होईपर्यंत तिथेच राहतील. घरात एक काठी येणार नाही म्हणजे नाही!"

आठ जणांनी परत हात लावले. होडी परत घोड्यांवर गेली.

"आता मात्र उलटली हो!" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी हा शब्द आठवडाभर जपून ठेवला असावा.

पुढच्या आठवड्यात सुतारकाका नवे बारा आकडे घेऊन आले. होडीखाली वाकले, वर पाहिलं, आणि अगदी पहिल्यासारखंच विचारलं,

"ताई, तोंड वर की खाली?"

"खाली," ती म्हणाली. तोंड खाली घालूनच.