खडूचा लेथ

आमच्या खालच्या मजल्यावर मोंडकर काका राहतात. त्यांच्याकडे कधी गेलात, तर मागच्या खोलीतल्या लेथवर पाय देऊ नका. लेथ तिथे नाही, तरीही देऊ नका. जमिनीवर खडूने त्याची आकृती काढलेली आहे. शेजारी ड्रिल, खिडकीखाली मिलिंग मशीन, सगळी खडूचीच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सरळ आत शिरलो, तर काका कळवळून म्हणाले, "मेल्या, चकावर उभो आसस तू." चक म्हणजे काम पकडून फिरवणारा लेथचा जबडा. मी बाजूला झालो आणि वर सॉरीसुद्धा म्हणालो.

काका भांडुपच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं टर्नर होते. लेथवर लोखंड कातायचं, तेही कंपनीच्या ड्रॉइंगप्रमाणे. कारखाना बंद पडला, मुलगा पुण्याला गेला, मागची खोली रिकामी झाली. मग काकांनी जाहीर केलं की आता हौसेसाठी स्वतःचं वर्कशॉप. जन्मभर दुसऱ्यांची कामं केली, एक तरी वस्तू आपल्या हाताने, आपल्या मनातली करायची. काकूंसाठी पितळेची समई. समई बाजारात मिळते, असं काकूंचं मत. पण काकांनी आधी मशीन निवडायला घेतलं, त्याला आता सहा वर्षं झाली.

रविवारी आम्ही स्थळं बघायला निघतो. फोनवर जाहिराती शोधण्याचं काम माझं, कारण पवईच्या ऑफिसात मी दुसरं काही करत नाही, असा काकांचा समज आहे. तो फारसा चुकीचा नाही. कुर्ला, घाटकोपर, जिथे गाळा विकायला निघतो तिथे आम्ही हजर. काका खिशातून गेज काढतात. केसाच्या अंशाएवढी हालचालही त्याच्या काट्यावर दिसते. मग नकार. नवीन मशीन असेल तर ती खेळणी. जुन्याला रंग दिलेला असेल तर काहीतरी लपवलंय. रंग दिलेला नसेल, तर ज्याने साधा रंग दिला नाही त्याने तेल काय घातलं असणार. "बेड बघ रे, रंग काय बघतंस?" बेड म्हणजे मशीनचा खालचा पाया, आणि हे मला इतक्या वेळा ऐकवलंय की मी फर्निचरच्या दुकानातही वाकून खाली बघतो.

शेवटचा निकाल एकच, "प्ले आसा." म्हणजे सांधा ढिला आहे, भाग हलतो. काकांच्या मते सोसायटीच्या लिफ्टमध्ये प्ले आहे, सेक्रेटरीत आहे आणि माझ्या सासऱ्यांमध्ये तर फारच. काकू खडूच्या लेथवर आमसुलं वाळत घालतात, कारण ऊन तिथेच येतं. "मला बघायला आले तेव्हा पोहे संपायच्या आत हो म्हणाले," त्या मला म्हणाल्या, "तेव्हा गेज नव्हतं वाटतं."

गेल्या महिन्यात साकीनाक्याला एक लेथ बघितला. काकांनी गेज लावलं, काटा हलला नाही. चक हाताने फिरवून कान लावला. वीस मिनिटं शोधूनही खोट सापडेना. मी मनात टेम्पो ठरवून टाकला. लेथच्या मालकांनी चकात पितळेचा तुकडा बांधून कातून दाखवला, तो आरशासारखा निघाला. मग ते आदराने बाजूला झाले आणि काकांना म्हणाले, आता तुम्ही चालवा.

काकांनी बाह्या दुमडल्या आणि हत्यार सरकवणाऱ्या चाकावर हात ठेवला. हात थरथरत होता. त्यांचा चहा बशीत सांडताना मी अनेकदा पाहिला होता, पण ते रागामुळे असेल असं मला वाटायचं. त्याच पितळावर आता चरे उठले. काकांनी मशीन थांबवलं, चऱ्यांवरून नख फिरवलं.

"प्ले आसा," ते म्हणाले.

मालकांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असेल काका," ते म्हणाले, "जुनं मशीन आहे." त्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

 परतताना रिक्षात, घाटकोपर आलं तेव्हा काका म्हणाले, "मशीन बरा होता रे." मी हो म्हणालो. "काकूक सांगू नको."  सहा वर्षं मी या माणसाच्या चोखंदळपणाला हसत होतो. थरथर कधी सुरू झाली ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पुढचे दोन रविवार त्यांनी मला हाक मारली नाही. काकू म्हणाल्या, नुसते बसून असतात. तिसऱ्या रविवारी मीच फोन घेऊन खाली गेलो आणि म्हणालो, कांजूरमार्गला एक लेथ आहे.

"कसो आसा?" त्यांनी फोनकडे न बघताच विचारलं.

"बेकार असणार. बेड घासलेला, रंग कालच मारलेला. फोटोतच कळतंय."

काका माझ्याकडे बघत राहिले. मी काय करतोय ते त्यांना कळलं होतं. मग ते हळूहळू उठले आणि चप्पल शोधू लागले.

"मग बघूकच व्हया," ते म्हणाले, "नायतर दुसऱ्या कोणाच्या गळ्यात पडात."