फ्रान्सिसचा दुसरा बेगल

बेगल कानाला लावून ऐकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या शेजारचा फ्रान्सिस. मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरात आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर लिन नावाच्या व्हिएतनामी बाईंचं छोटं दुकान आहे. दूध, ब्रेड, पेपर, लॉटरीची तिकिटं. रोज सकाळी सातला फ्रान्सिस तिथे जायचा, टोपलीतला एक बेगल, म्हणजे मधे भोक असलेला गोल पाव, चिमट्याने उचलून कागदी पिशवीत घालायचा, पिशवी कानाशी न्यायचा आणि अंगठ्याने दाबायचा. साल बारीकशी कडकली तर ठीक. नाहीतर दुसरा.

"फ्रँक, धिस इज नॉट अ मँगो!" लिन ओरडायची.

"सॉरी मेट," म्हणून तो तिसरा उचलायचा.

फ्रान्सिस मूळचा वसईचा. फिटरचं शिक्षण घेऊन मेलबर्नला आला आणि पहिली नोकरी मिळाली ती कॉलफिल्डच्या एका ज्यू बेकरीत. अकरा वर्षं त्याने उकळत्या पाण्याच्या हंड्यासमोर उभं राहून बेगल उकडले. बेगल आधी उकडतात आणि मग भाजतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. नंतर दर आठवड्याला पुन्हा कळत राहिलं.

"उकडलाय की नुसता भाजलाय?" हा त्याचा सगळ्या जगाला प्रश्न. सुपरमार्केटातला बेगल नुसता भाजलेला. "भोक पाडलेला पाव आहे तो, मास्तर." मी ठाण्याला शाळेत शिकवायचो, म्हणून मी मास्तर. माणसांनाही त्याचा हाच निकष. आमच्या ज्येष्ठ मंडळाचे अध्यक्ष नुसते भाजलेले. त्याचा स्वतःचा जावई? "रंग छान आलाय वरून. आत कच्चा."

"आणि मी?" एकदा मी विचारलं.

"तू पाण्यात पडलास रे. पण तुला लवकर बाहेर काढला."

बायको गेल्यावर वर्षभर तो चांगल्या बेगलच्या शोधात दुकानं धुंडाळत हिंडत होता. शेवटी लिनपाशी हटून बसला. ती पाकिटातले बेगल विकायची. हा रोज जाऊन ते पाकीट उलटंसुलटं करायचा आणि सुस्कारा टाकायचा. गिऱ्हाइकं बघायला लागली, तेव्हा तिने कंटाळून कॉलफिल्डहून रोज सकाळी ताजा खोका मागवायला सुरुवात केली.

एवढं सगळं करून हा घ्यायचा दोनच बेगल.

आता माझ्याबद्दल. मला नकला येतात. दर बुधवारी कम्युनिटी हॉलमध्ये आमचं मंडळ जमतं, तिथे मी फ्रान्सिसची नक्कल करायचो. कान, अंगठा, डोळे मिटणं, सगळं. लोक चहा सांडेपर्यंत हसायचे. शेवटी मी म्हणायचो, "आणि घरी जाऊन दोन्ही एकटाच खातो!" हे मी पाहिलेलं नव्हतं. पण तिथे हशा फार यायचा.

त्याची मुलगी लिझा सिडनीला, कॅसल हिलला राहते. दर रविवारी मला फोन करायची. "अंकल, डॅड नीट खातात ना? शुगर वाढलीये त्यांची." तो एकटा राहू शकेल की नाही, हे तिचं ठरत नव्हतं. एका रविवारी मी तिला तीच गोष्ट ऐकवली, हशा येईल म्हणून. "अगं, रोज दोन बेगल चोपतो तुझा डॅड!"

ती हसली नाही.

पंधरा दिवसांनी ती आली. मी फाटकाशी होतो. तिने माझ्यादेखत त्याला विचारलं, "डॅड, यू ईट टू बेगल्स? एव्हरी डे? अंकलनी सांगितलं मला."

फ्रान्सिसने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो. खातो."

महिन्याभरात घर भाड्याने गेलं आणि तो सिडनीला. मला वाईट वाटलं, पण आपलं बरोबर होतं असंही वाटलं. स्वतःच कबूल केलं होतं की त्याने.

त्यानंतरच्या सोमवारी माझ्या चहासोबत साधा टोस्ट आला. मंगळवारीही. सकाळी मी नातीला शाळेत सोडून परत येतो, तेव्हा आमची अश्विनी, म्हणजे माझी सून, काम सुरू करण्याआधी माझी बशी भरून ठेवते. बशीत भाजलेला बेगल, लोणी आणि वर लसणाची चटणी. दोन वर्षं मी तो खात होतो. लोकांना सांगायचो, सून काळजी घेते.

"बेगल संपले का गं?" मी विचारलं.

"बाबा, ते फ्रान्सिसकाका आणायचे ना."

मग तिने सांगितलं. ती रोज संध्याकाळी कुंपणावरून त्याला भाजी-आमटीचा डबा द्यायची. एकटा माणूस, काय करून खाणार? डबा रिकामा परत करायचा नाही, ही त्याच्या आईची शिकवण. त्याला रांधता येत नव्हतं. चांगलं काय असतं हे ज्या एकाच पदार्थाबाबत त्याला खात्रीने कळत होतं, तो पदार्थ तो दुकानातून आणून सकाळी डब्यात घालून परत द्यायचा.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कधी? आणि काका म्हणाले होते, मास्तरला सांगू नको, तो बुधवारी डब्याचीही नक्कल करेल."

मला फोन करायला आठ महिने लागले. एकोणऐंशीव्या वर्षी माणसाला आठ महिने कुणी उधार देत नाही, तरी लागले.

"फ्रान्सिस, तू तेव्हा बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? पोरीसमोर तुला खोटा पाडायचा?"

"मी सांगतो लिझाला."

"अजिबात नाही. तिने प्रेमाने आणलंय मला. उगाच तिच्या जिवाला लागेल."

मी कबूल झालो. लिझाला मराठी वाचता येत नाही, म्हणून इथे लिहितो आहे. जे बुधवारी हसले त्यांच्यासाठी: दुसरा बेगल मी खात होतो.

त्याच फोनवर मी पुढे विचारलं, "तिकडे मिळतो का चांगला?"

"मिळतो की. कोपऱ्यावरच. व्यवस्थित उकडलेला. दोन घेतो."

"दुसरा कुणाला?"

"इथे दिवसभर रस्त्यावर कुणी नसतं रे. सगळे ऑफिसला. कुणी भेटलंच, तर असावा जवळ म्हणून घेतो."

"आणि नाही भेटलं तर?"

"संध्याकाळी मीच खातो. तू लिझाला सांगितलं होतंस ना मास्तर, ते आता खरं झालंय बघ."