नळावरचा बाजारभाव

भाई साटमांच्या दहा बाय बाराच्या खोलीत एक कोपरा रिकामा होता. लालबागच्या आमच्या चाळीत रिकामा कोपरा म्हणजे चैन. त्या खोलीत भाई, काकी, त्यांची मुलगी कुसुम आणि गिरणीत लागलेले दोन भाचे इतकी माणसं निजत. भाच्यांची रात्रपाळी-दिवसपाळी आलटून पालटून असे म्हणून ती कशीबशी मावत. पण त्या कोपऱ्यात कुणी अंथरूण टाकलेलं भाईंना चालत नसे. विचारलं की शांतपणे सांगत, "ती टेलिव्हिजनची जागा आहे."

टेलिव्हिजन तेव्हा मुंबईत कुणी पाहिला नव्हता. भाईंनी तरी कुठे पाहिला होता? दुकानात येणाऱ्या एका इंग्रजी मासिकात त्याचं चित्र होतं. त्या चित्रावरून चाळीतल्या सुताराकडून त्यांनी लांबीरुंदीचा अंदाज काढून घेतला आणि कोपऱ्यातल्या भिंतीवर खडूने चौकोन आखला. दिवाळीच्या आधी काकी भिंतीला चुना देत, चौकोन जाई. भाई पुन्हा आखत. वर काकींनाच ऐकवत, "बाजार येताना सांगून येत नाय गो. जागा करून ठेवूक व्हयी."

"बाजार" हा भाईंचा लाडका शब्द. परळच्या नाक्यावर रतिलालशेठचं रेडिओ, ग्रामोफोन आणि रेकॉर्डींचं दुकान होतं. भाई तिथे विक्रीला आणि मी मागच्या अंगाला रेडिओ दुरुस्तीला. मी पडलो व्हॉल्व्ह बदलणारा माणूस. एखादी गोष्ट चालू आहे की बंद, एवढंच मला कळतं. पुढे काय होणार हे सांगणाऱ्या माणसांचा मला मनापासून कंटाळा आहे. आणि माझ्या नशिबी भाई. सकाळी डबा ठेवायच्या आत त्यांचं सुरू, "मधू, लिहून ठेव. हातानं चावी द्यायचा ग्रामोफोन आणखी दहा वर्षं. मग संपला. रेडिओ खिशात मावेल एवढा होणार. आणि टेलिफोन? प्रत्येक खोलीत एक."

"चाळीत प्रत्येक खोलीत टेलिफोन कशाला भाई? समोरच्याला हाक मारली तर तो ओ देतो."

"समोरचो कायम समोर रवतलो काय?" ते म्हणत, आणि मी सोल्डरिंगची कांडी तापवायला घेई.

शेठ मात्र भाईंचा शब्द झेलत. त्याला कारणही तसंच होतं. नव्या रेकॉर्डी आल्या की कुठली किती मागवायची, हे भाई सांगत आणि ते कधी चुकत नसे. दादरचे, गिरगावचे दुकानदार त्यांना गाठून विचारत. भाई फक्त हसत. त्यांची पद्धत आमच्या चाळीला माहीत होती, पण चाळ तिला पद्धत म्हणत नसे, उपद्रव म्हणत असे.

शनिवारी संध्याकाळी भाई नमुन्याच्या रेकॉर्डी पंच्यात गुंडाळून घरी आणत. रविवारी सकाळी गॅलरीत स्टूल मांडून त्यावर ग्रामोफोन ठेवत, त्याचा कर्णा खाली नळाकडे वळवत आणि एकेक रेकॉर्ड तीनदा लावत. खाली बायका धुणं आपटत, भांडणं करत, कुणी वर बघून "भाई, पुरे आता" म्हणून ओरडे. भाईंच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नसे. मग सोमवार-मंगळवार ते नळाच्या बाजूला उभं राहून अर्धा-अर्धा तास दात घासत. दात घासणं हे निमित्त, कान नळावर. रविवारचं गाणं मंगळवारी कुणाच्या तोंडी आलं, की बुधवारी शेठला हुकूम जाई, "पाच डझन मागवा." नाही आलं, तर "परत करा."

"पण भाई, गाणं चांगलं आहे की," एकदा मी म्हटलं.

"चांगला असात. पण कपडे पिळताना म्हणूक येता काय? कपडे पिळताना जां गाणां म्हणूक येत नाय, तां मुंबईत चालणा नाय."

माझ्या बायकोने हे सगळं लक्षपूर्वक पाहिलं होतं. ती एकदा म्हणाली, "तुमच्या भाईंचा नळ म्हणजे एकच बाई आहे. काकींची घागर भरली, त्या वर चढल्या, की यांचे दात घासून होतात. बाकी आम्ही गळा काढून गायलो तरी यांना ऐकू येत नाही."

मी दोन मंगळवार पाळत ठेवली. खरं होतं. काकी फारशा बोलत नसत, पण हात कामात असले की गुणगुणत. त्यांनी एक ओळ धरली की शेजारी कुसुम पुढची उचलायची. दोघींनी मिळून गाणं धरलं, की भाई चूळ भरून मोकळे. परळ-लालबागच्या अख्ख्या बाजाराचा अंदाज हा माणूस आपल्या बायकोच्या ओठांवरून बांधत होता, आणि तो बरोबर निघत होता. मला हसू आलं. थोडा हेवाही वाटला, कारण माझी बायको काय गुणगुणते हे मला सांगता आलं नसतं.

भाईंचा अंदाज चुकला तो गाण्यात नाही, चळवळीत. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. हरताळ असला की दुकानाची फळी अर्धी खाली, शेठ आत चहा पीत बसलेले आणि भाई सभेला. दुसऱ्या दिवशी आले की शेठ विचारत, "बोलो भाई, आज का भाव?" आणि भाई बाजारभाव सांगावा तसं सांगत, "मुंबई घेतल्याशिवाय राहत नाही. आणि बेळगाव, कारवार, तेही येणार. लिहून ठेवा." शेठ गुजराती, पण कधी रागावले नाहीत. म्हणत, "सब ले लो, बस मेरा दुकान इधरीच रहने दो."

याच सुमारास कुसुमला बेळगावचं स्थळ आलं. मुलगा चांगला, त्याचं बाजारपेठेत हॉटेल. काकींचं मन घेत नव्हतं. भिंतीपलीकडून आम्हाला सगळं ऐकू यायचं.

"लांब असा वो. थंय कानडी बोलतत."

"अगो, सहा म्हयन्यात बेळगाव आपला. राज्य एक झाल्यार लांब कसला? माझो अंदाज कधी चुकलो हा?"

काकींनी त्या अंदाजावर मुलगी दिली.

पुढे राज्य झालं. त्या दिवशी लालबागमध्ये जे झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांना सांगून कळायचं नाही. गॅलरीभर पणत्या लागल्या. भाई डोक्याला फेटा बांधून मजल्या-मजल्यावर पेढे वाटत होते. आपल्या दारात आले, काकींच्या हातावर पेढा ठेवला. काकींनी तो हातातच धरून विचारलं, "आणि बेळगाव?"

भाईंनी पेढ्यांच्या डब्याचं झाकण लावलं. बेळगाव नव्या राज्याबाहेर राहिलं होतं.

"मगे चेडू भायेर रवला म्हणा," काकी म्हणाल्या आणि मुलीच्या नावाने पेढा देवापुढे ठेवून आत गेल्या.

त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. स्वयंपाक, धुणं, सणवार सगळं पहिल्यासारखं. फक्त गुणगुणणं गेलं. नळावर त्यांचे हात चालत आणि ओठ मिटलेले. भाई रविवारी ग्रामोफोन लावत, तीनऐवजी सहा-सहा वेळा. नाट्यगीत, भावगीत, सिनेमाचं, अभंग, एकदा तर इंग्रजी बँड लावला. मंगळवारी मंजनाचा फेस हनुवटीवर सुकेपर्यंत उभे राहत. आणि बुधवारी शेठला सांगत, "बाजार थंड आहे. काही मागवू नका."

शेठने त्यांचं ऐकलं. इतकी वर्षं ऐकत आले होते. इकडे नवीन राज्याच्या उत्साहात माणसं रेडिओ घेत होती, रेकॉर्डी घेत होती, समोरच्या दुकानात संध्याकाळी आत शिरायला जागा नसे. आमच्या फळ्यांवर मागच्या वर्षीचा माल. गिऱ्हाईक यायचं, नवीन काही आहे का विचारायचं आणि रस्ता ओलांडून जायचं. भाई त्याच्या पाठीकडे बघत म्हणत, "तात्पुरतं आहे. बाजार गप्प आहे."

मला त्यांची दया येत होती आणि रागही येत होता. शेवटी एका दुपारी, भाई जेवायला गेलेले असताना, शेठच माझ्या टेबलाशी आले. चेहरा उतरलेला. "मधुकर, सच बोलो. भाई का कान खराब हो गया क्या?"

मी सगळं सांगितलं. नळ, काकी, कुसुम, बेळगाव. सांगताना वाटलं, आता भाईंची नोकरी गेली. आपल्या दुकानाची मागणी एका बाईच्या गुणगुणण्यावर चालते, हे कुठल्या शेठला आवडेल?

रतिलालशेठनी टेबलावरचा एक सुटा स्क्रू उचलून माझ्या डबीत टाकला. मग म्हणाले, "ऐसा है तो बाजार भाभी ने बंद किया है. तो खोलेगी भी भाभीच. बेळगाम में दामाद के हॉटेल में टेलिफोन है?"

होता. हॉटेलात टेलिफोनही होता आणि रेडिओही. भाईंनी स्थळ बघताना ते आधी पाहून घेतलं होतं.

पुढच्या रविवारी दुकान बंद असताना शेठने खास उघडलं आणि दुपारी तीनला ट्रंककॉल नोंदवला. कुसुमला आधी पत्राने कळवलं होतं. काकी आल्या त्या गणपतीत नेसायचं लुगडं नेसून, नाकात नथ घालून. भाईंनी सांगून पाहिलं होतं की टेलिफोनवर दिसत नाही. त्या म्हणाल्या, "दिसाना नाय ता माका ठाऊक असा. पण चेडवाक विचारल्यान तर काय सांगू?"

चार वाजले, पाच वाजले. ट्रंककॉल म्हणजे बसून राहणं. काकी स्टुलावर ताठ बसलेल्या, भाई उभे. या दुकानात मी वर्षानुवर्षं एकाच वेळी चार रेडिओ वाजताना ऐकलेले. त्या दिवशी शेठने सगळे बंद करायला लावले होते. सहाच्या सुमारास घंटा वाजली. शेठ ओरडले, "हॅलो! बेळगाम!" आणि रिसीव्हर काकींच्या हातात दिला. त्यांनी तो कानापासून वीतभर लांब धरला, त्यामुळे आम्हा सगळ्यांनाच ऐकू आलं.

"आये!"

काकींनी दुसऱ्या हाताने डोक्यावरचा पदर सावरला. "जेवलंस?" त्यांनी विचारलं. संध्याकाळचे सहा वाजले होते.

"जेवलंय. तू?"

"जेवलंय."

मग काकी रिसीव्हरकडेच बघत राहिल्या. भाई हातवारे करून "बोल, बोल" म्हणत होते. मिनिटं चालली होती. शेठ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, आणि मला त्या घड्याळाचा असा राग आला की काय सांगू.

"मागे काय वाजता गो?" काकींनी एकदम विचारलं.

"रेडिओ. मुंबईचो."

"आपल्या मुंबईचो?"

"तर! संध्याकाळी कामां करताना रोज लावतंय. तू थंय भांडी घासत असशील, तेवां हयसर पण तांच वाजता आये."

काकींनी रिसीव्हर कानाला घट्ट लावला. आता आम्हाला काही ऐकू येईना. फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. त्या ऐकत होत्या, मान किंचित तिरकी करून. मग ओठ हलले. शब्द नव्हते, नुसता सूर. एक ओळ झाली, त्या थांबल्या. तिकडून कुसुमने पुढची उचलली असावी, कारण त्या हसल्या आणि पुन्हा त्यांनी सुरुवात केली.

मधेच ऑपरेटरने टोकलं असणार. शेठ पुढे झाले, रिसीव्हरला तोंड लावून हळू आवाजात म्हणाले, "तीन मिनिट और दे दो, बेन," आणि मागे सरकले.

भाई भिंतीला टेकून उभे होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. शेठ व्यापारी माणूस. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि भाईंच्या कानाशी कुजबुजले, "भाई, कौनसा गाना है? कितना डझन मंगाऊँ?"

भाईंनी मान हलवली.

"ह्याची ऑर्डर नका देऊ शेठ," ते म्हणाले. "हे बाजारातलं नाही. हे आमच्या घरातलं आहे."