टर्बोची दृष्ट

इंजिनाचा आवाज ऐकून त्याचं दुखणं सांगणारा माणूस अख्ख्या अझरू गावात एकच, आणि तो म्हणजे मी, हद्दू! डॉक्टर छातीला नळी लावतात, मला तीही लागत नाही. माझी जुनी पांढरी डिझेल गाडी देवदारांच्या घाटात गुणगुणायला लागली की तिच्या पोटातलं मला कळतं, जात्यावर बसलेल्या बाईच्या गळ्यावरून कळावं तसं. आज खुशीत आहे, आज कुणीतरी टाकून बोललंय, आज माहेर आठवलंय.

म्हणूनच तिचा टर्बो गेला तेव्हा मला अपमान झाल्यासारखं वाटलं. टर्बो म्हणजे धुराच्या झोतावर गरगरणारा मुठीएवढा पंखा. आईनं लेकराला घास भरवावा तशी तो इंजिनाला हवा भरवतो. पंखा मोडला की गाडी उपाशी. मग घाटात मागची गाढवं पुढे निघून जातात, आणि त्यातलं एखादं वळून बघतं!

टर्बो बदलला. नवा टर्बोही गेला!

आमचा मेकॅनिक, मालम म्हणजे उस्ताद मीमून, यानं मोडका पंखा माझ्या तळहातावर ठेवला. पाती उंदरानं कुरतडल्यासारखी.

"सी हद्दू," तो अदबीनं म्हणाला, "हिनं काहीतरी गिळलंय."

"गिळेल कशी? फिल्टर आहे ना! तूच एखादा नट आत विसरला असशील."

"मी? अहो, मी चहातला पुदिनासुद्धा कपात विसरत नाही, चावून खातो!"

बराच वेळ आम्ही एकमेकांच्या घराण्याचा उद्धार केला. शेवटी तोच नमला. "बरं, दुसरंही एक कारण असतं. तुम्ही चढ चढून येता आणि खटकन इंजिन बंद करता. पंखा लालबुंद असतो, तेल थांबतं, जागच्या जागी जळतं, नळी काजळते. उन्हातून पळत आलेल्या माणसाचं कुणी नाक दाबतं का? इंजिन मंद चालू ठेवा, निवू द्या, मग बंद करा."

नाकाची गोष्ट माझ्या काळजाला भिडली. तेलाची नळी बदलली, चांगलं तेल घातलं, तिसरा टर्बो बसवला, आणि मी मनाशी ठरवलं: यापुढे हिचा श्वास निवेपर्यंत किल्लीला हात लावणार नाही!

हे सगळं शुक्रवारच्या तोंडावर. शुक्रवारी धाकट्या भावासाठी, बासूसाठी, मुलीला मागणी घालायला जायचं होतं. ऐन लऊह गावाच्या वर, चढ जिथं संपतो तिथं, हाज्ज बेन्नासरांचं घर. त्यांची तूदा. बासूचा जीव तिच्यात असा गुंतलेला की जेवताना तो भाकरीऐवजी रुमाल रश्शात बुडवायचा. हाज्ज मात्र मानी माणूस. एका मागणीवाल्याला त्यांनी नुसतं उशिरा आला म्हणून दारातून परत पाठवलं होतं.

"दादा," बासू म्हणाला, "गाडी वाटेत बसली तर मीही तिथंच बसेन. कायमचा."

गाडी बसली नाही! मांडीवर मागणीला न्यायचे साखरेचे शंकू घेऊन बासू मागे, आई पुढे, आणि आम्ही वाऱ्यासारखे वर. दारात हाज्ज दोन्ही हात पसरून उभे.

"या, सी हद्दू! उतरा!"

मी किल्लीकडे पाहिलं. मीमूनची नाकाची गोष्ट आठवली. "उतरतो हो. जरा निवू द्या. फार तापलंय."

वडील गेल्यापासून घरात थोरला मी. माझ्या आधी उंबरा ओलांडणार कोण? आई बसून राहिली, बासू बसून राहिला, इंजिन घुरघुरत राहिलं.

हाज्जचे हात हळूहळू खाली आले. "तापलंय? कशावरून?"

"आजचं नाही हे. याआधी दोनदा असंच झालं. वरून काही दिसत नव्हतं, पण आतल्या आत जळत होतं. एकदम बंद केलं तर सगळंच मोडेल."

हाज्ज आत गेले. आत कुजबुज, भांड्यांचा आवाज. मग त्यांच्या पत्नी, लल्ला फद्मा, दुधाचा वाडगा आणि खजूर घेऊन खिडकीशी आल्या.

"सी हद्दू, पाहुणा दारात येऊन गाडी चालू ठेवतो तो माघारी फिरायलाच. असं नका हो करू! मी बाजारात म्हणाले खरी, बासूचे कान मोठे आहेत म्हणून. पण मायेनं म्हणाले!"

मागे बासूनं कान झाकले.

माझं तिकडे लक्षच नव्हतं. इंजिनातून एक बारीक आवाज येत होता. आधी नव्हता. मी बोट वर केलं. "शू! ऐका. कुणीतरी शीळ घालतंय."

लल्ला फद्मांचा चेहरा पांढराफटक पडला. "तो तिचा चुलतभाऊ हो! मेंढरांना घालतो शीळ! तूदाकडे तर मान वर करून बघत नाही!"

तेवढ्यात हाज्ज तरातरा आले. "आणि सरपणाचं म्हणाल तर होतं ओलं! तुम्हाला विकताना मला ठाऊक होतं. झालं समाधान? आता तरी थंड व्हा!"

सरपण ओलं होतं? अन् मी सबंध हिवाळा चुलीला शिव्या दिल्या! खरं सांगतो, अजून थोडा वेळ इंजिन चालू ठेवून आणखी काय काय बाहेर पडतंय ते ऐकावं, असा मोह झाला. पण ती शीळ मला स्वस्थ बसू देईना. इंजिन चांगलं निवलं होतं. मी किल्ली फिरवली.

शांतता पसरली, देवदारातून वारा वाहिल्याची तेवढी सळसळ. पाहुण्याचा राग उतरला! बायकांनी जिभा हलवून आनंदाची किलकारी केली. मी उतरलो, हाज्जनी मिठीसाठी हात पसरले, आणि मी त्यांच्या काखेखालून जाऊन बॉनेट उघडलं.

शीळ फिल्टरच्या डब्यातून येत होती. डबा उघडला. फिल्टर उचलला. आणि त्याच्या पलीकडे, टर्बोकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी चिकटून बसलेली, लाल कापडाची फुगलेली पुरचुंडी! शिवण उसवायला लागलेली. आत हरमल या उग्र वासाच्या झुडपाचं बी आणि तुरटीचे खडे. म्हणजे मीमून खरं बोलत होता. आधीचे दोन्ही टर्बो तुरटी खाऊन मेले!

मी पुरचुंडी उंच धरली. मला शोध लागल्याचा आनंद. हाज्जना दिसली ती भलतीच गोष्ट.

"माझ्या दारात टोणा? मागणी घालायला आलात की करणी करायला? फद्मा, दार लाव!"

बासूच्या मांडीवरून साखरेचा शंकू घरंगळला. तेव्हा कुठे आई गाडीतून उतरली.

"ओरडू नका, हाज्ज. मी ठेवलीय ती. दृष्टीची आहे. निळ्या डोळ्याची, हिरव्या डोळ्याची, गोड बोलून जळेल त्याची, साऱ्यांची नजर तिथंच अडावी म्हणून."

"आई! पण फिल्टरच्या आत?"

"मग कुठं? गाडी श्वास घेते तिथूनच नजर शिरणार ना? बाहेरच्या बाजूला ठेवली असती तर धूळ बसली असती. त्या डब्याला नुसते चाप आहेत, माझ्या मसाल्याच्या डब्यापेक्षा लवकर उघडतो."

"मीमूनला कशी दिसली नाही?"

"परक्याचा हात लागला की तिचं बळ जातं. गाडी त्याच्याकडे जायच्या आधी मी काढून घ्यायची. आणि पहिलीनं नजर अडली नाही, म्हणून दुसरी मोठी केली. ही तर त्याहून मोठी!"

हाज्ज खो खो हसत सुटले. इतके हसले की त्यांना बॉनेट धरावं लागलं. "घ्या! आणि मी म्हणतो आमच्या व्हॅनचा टर्बो सारखा का..."

ते थांबले. त्यांनी सावकाश मान वळवली. लल्ला फद्मा जमिनीकडे बघत होत्या.

"मी नुसती तुरटीच घालते," त्या पुटपुटल्या. "बी नाही घालत."

त्यानंतर आम्ही पुरुष व्हॅनचं बॉनेट उघडत होतो, आणि त्या दोघी माझ्या गाडीला टेकून उभ्या होत्या. दुधाचा वाडगा एकीच्या हातून दुसरीच्या हातात जात होता. गाठ कशी मारायची, कापड कुठलं घ्यायचं, गाडीत नाही तर मग ठेवायची कुठं. बोलता बोलता लग्नाचा महिना ठरला, मांडव ठरला, तूदाला आत जाऊन विचारलं गेलं, ती हो म्हणाली. बासूला हे सगळ्यात शेवटी कळलं. मागणीचे शब्द मी रात्रभर जागून पाठ केले होते. ते तसेच राहिले!

मुख्य म्हणजे दोघींचं यावर एकमत झालं की नजर गाडीला लागतच नाही, लागते ती चालवणाऱ्याला. म्हणून पुरचुंडी आता माझ्या जेलबाच्या, म्हणजे पायघोळ झग्याच्या, टोपीत शिवलेली असते, बरोबर नाकाच्या मागे.

तिसरा टर्बो अजून ठणठणीत आहे. दोघी विहिणी म्हणतात, गुण पुरचुंडीचा. मी एकदा ठामपणे सांगणार आहे की तो गुण पुरचुंडी बाहेर काढल्याचा आहे. पण सांगायला तोंड उघडलं, की हरमलच्या वासानं शिंकच येते!