गायकवाड सरांच्या पेशी

आमच्या तीर्थपुरीत गायकवाड सरांसमोर शिंकायची कुणाची हिंमत नाही. शिंक येतेय असं वाटलं की माणूस नाक दाबून गल्ली बदलतो. कारण शिंक ऐकली की सर खुर्ची ओढून घेतात आणि तुमच्या शरीरात काय चाललंय ते सांगायला बसतात.

हायस्कुलात विज्ञान शिकवून सर रिटायर झाले, पण त्यांचा तास काही सुटला नाही. "बघ, व्हायरस पेशीत घुसला. पेशी काय करती? आधी शेजारच्या पेशींना सांगावा धाडती, दारं लावून घ्या म्हणून. मंग सोता मरती. का? तर व्हायरसची पिल्लावळ आपल्या घरात वाढू नये. आहे का एवढी माणुसकी आपल्या गल्लीत?" इथे सरांचे डोळे पाणावतात. ऐकणाऱ्याचं नाक तर आधीपासूनच वाहत असतं.

एकदा शहागडला हॉटेलात आम्ही चहा पीत होतो. पलीकडचा ट्रक ड्रायव्हर शिंकला. मी हात धरेपर्यंत सर त्याच्या टेबलावर पोचलेसुद्धा.

"सर, जल्दी सांगा. गाडीत टमाटे हायेत."

सरांनी सांगितलं, बिलकुल जल्दी न करता. लबाड व्हायरस पेशीचा सांगावाच कसा अडवतो, इथपर्यंत आल्यावर ड्रायव्हर उठून उभा राहिला. "समजलं सर. गोळी कोणती घेऊ?"

"गोळीचं डॉक्टरला विचार," सर दुखावून म्हणाले.

घरी मात्र त्यांची डाळ शिजत नसे. "पेशी मरू द्या हो, इथं भाकर करपून राह्यली," म्हणून शांताकाकू विषय मिटवायच्या.

गेल्या पावसाळ्यात काकूंनाच ताप भरला. उतरेचना. धाप लागली तेव्हा माझ्या गाडीतून त्यांना जालन्याला नेलं. काकूंचं डोकं मांडीवर घेऊन सर मागे बसले होते. दवाखान्यात तरुण डॉक्टर समजावू लागले, "काका, व्हायरसपेक्षा शरीराचा प्रतिकारच जास्त भडकलाय. पेशी एकमेकींना सिग्नल देतात, ते थांबतच नाहीयेत. त्यात चांगल्या पेशीपण..."

"डॉक्टरसाहेब," सरांनी हात जोडले, "ते राहू द्या. ती घरी येईल का, तेवढं सांगा."

काकू घरी आल्या. मी भेटायला गेलो तेव्हा अंगणात बाजेवर टेकून बसल्या होत्या. कप अजून हातात धरवत नव्हता.

"का हो," त्यांनी सरांना विचारलं, "काय झाल्तं माझ्या पेशींला? सांगा की. आज ऐकते."

सर बशीत चहा ओतत होते.

"मला न्हाई माहीत," ते म्हणाले, आणि फुंकर घालून बशी काकूंच्या ओठांना लावली.