न उघडलेल्या बंदुकीचा दर्जा

जुन्या वस्तूचा दर्जा ठरल्याशिवाय तिच्या मालकाचा ठरत नाही. म्हणूनच त्या दुनळी बंदुकीकडे सगळं घर आदराने पाहत होतं. ती पहिल्या दर्जाची ठरली, तर आत्याला तळमजल्यावर स्वतःची खोली घेता येणार होती आणि भाच्याला त्याची बाहेरची खोली परत मिळणार होती. दुसऱ्या दर्जाची ठरली, तर दोघांना एकमेकांची सोबत मिळणार होती.

बंदूक आत्याच्या कैलासवासी यजमानांची. त्यांनी ती कधी उडवली नाही (त्यांना आवाज सहन होत नसे). शस्त्राच्या बाबतीत याहून मोठा गुण नाही, असं पारखी म्हणाला. पारखी फार मोठा माणूस होता. बंदूक हातात घ्यायच्या आधीच त्याने फी घेतली.

मग त्याने भिंगातून पाहणी केली. दस्त्याचं लाकूड अक्रोडाचं, उत्तम. नक्षीत तीन बदकं आणि एक कुत्रा. तिसऱ्या दर्जाला नुसती पानं असतात, दुसऱ्याला बदकं; कुत्रा पहिल्या दर्जालाच मिळतो. पण नकली कुत्रे बाजारात फार झाले आहेत. खरा दर्जा कारखान्याने बाजूच्या पोलादी पट्टीच्या आतून ठोकलेला असतो.

"मग पट्टी काढा की," आत्या म्हणाली.

"काकू, स्क्रू बघा. कुणी हातसुद्धा लावलेला नाही. पहिल्या दर्जाची हीच तर अट. स्क्रू फिरवला की खाच खरवडते, आणि दर्जा एका पायरीने उतरतो."

"म्हणजे पहिला दर्जा आहे की नाही, हे बघितलं की तो जातो?"

"आता कसं नेमकं बोललात!"

दाखल्यावर त्याने लिहिलं : 'पहिल्या दर्जाची असावी.' बंदूक विकत घ्यायला आलेल्या संग्राहकाने तो दाखला आदराने वाचला आणि आदरानेच परत केला. 'असावी'ला तो पैसे देत नसे.

आठवडाभर बंदूक पलंगावर आणि आत्या खुर्चीवर, अशी व्यवस्था राहिली. भाचा रोज समजावी, "आत्या, धीर धर. कुणीतरी विश्वासू गिऱ्हाईक मिळेल."

"विश्वासू गिऱ्हाईक बंदुका कशाला घेईल रे?" असं म्हणून आत्याने शिवणयंत्राचा स्क्रूड्रायव्हर आणला आणि पट्टी काढली. भाच्याने डोळे मिटून घेतले.

आत ठसठशीत ठसा होता : पहिला दर्जा. पारख्याला पुन्हा बोलावलं. त्याने हळहळून नवा दाखला दिला : 'तपासणीपर्यंत पहिला दर्जा. तपासणीअंती दुसरा.'

संग्राहकाने बंदूक दुसऱ्या दर्जाच्या भावात नेली. आता ती काचेच्या कपाटात असते, आणि कपाटाची किल्ली हरवल्याचं तो अभिमानाने सांगतो.

हिशेब सरळ आहे. पारख्याला दोनदा फी मिळाली : एकदा दर्जा सांगण्याची, एकदा तो गेल्याचं सांगण्याची. आत्याची खोली गेली, भाच्याचीही गेली. संध्याकाळी दोघं समोरासमोर बसतात. चूक कुणाची, यावर चर्चा चालते.

तुमचं मत आम्हाला ठाऊक आहे : बाईंनी उघडायला नको होती. साहजिकच आहे. लग्नात आहेर आलेला तुमचा काचेचा टी-सेट अजून खोक्यातच आहे, कागदसुद्धा फाटलेला नाही. निःसंशय पहिला दर्जा. त्याची किंमत तुम्ही रोज सकाळी भरताच आहात, कान तुटलेल्या कपातून.