निबंधातले बाबा

आमच्या ऑफिसातली सगळी परिपत्रकं मीच लिहितो, आणि ती वाचून माणसं कामाला लागतात. त्यामुळे लेकीला जिथे प्रवेश हवा होता त्या कॉलेजने अर्जासोबत एक निबंधही मागितला, तेव्हा मी लगेच बाह्या सरसावल्या. विषय होता, 'आमच्या घरातली एक नेहमीची गोष्ट'.

"बाबा, माझा लिहून झालाय," लेक म्हणाली.

"झाला असेल गं. पण त्यात वजन हवं."

ती आंघोळीला गेली आणि मी तिच्या लॅपटॉपसमोर बसलो. तिचा निबंध वाचण्यात वेळ कशाला घालवा, म्हणून कोरं पानच उघडलं. 'उपरोक्त विषयास अनुसरून' एवढं लिहितोय, तोच बायको आली.

"पोरगी रजा मागतेय का?" म्हणत तिने मला खुर्चीवरून उठवलं आणि लेकीच्या पोहण्याच्या पदकावर एक लांबलचक परिच्छेद ठोकला. मग तिने भावाला फोन लावला. मेहुणा म्हणाला, "समाजसेवा हवीच." लेकीने आजवर केलेली समाजसेवा म्हणजे शेजाऱ्यांचं मांजर सांभाळणं. त्याची आम्ही 'प्राणी पुनर्वसन मोहीम' करून टाकली.

लेक केस पुसत बाहेर आली. तिने सगळं शांतपणे वाचलं.

"छान आहे. पण मी माझा कालच पाठवला."

मेहुण्याने तिकडे हळूच फोन ठेवून दिला.

"कशावर लिहिलास?" मी विचारलं.

"आपल्या घरात कुणाला एकट्याने काही करूच देत नाहीत, त्यावर."

पुढे कॉलेजने लॅपटॉपवरूनच मुलाखत ठेवली. मला खोलीत यायला सक्त मनाई. मी दाराला कान लावून उभा.

"निबंध वाचून आम्ही खूप हसलो," प्राध्यापक बाई म्हणाल्या. "पण बाबांचं पात्र जरा जास्तच रंगवलंस. इतकी लुडबुड कुणी करतं का?"

लेक अडखळली. माझ्या पोरीला कुणी खोटं ठरवावं? मी तडक आत घुसलो आणि स्क्रीनसमोर वाकलो.

"मॅडम, मी हिचा बाबा. हिने एक अक्षरही वाढवून लिहिलेलं नाही."

बाईंना हसू आवरेना. लेकीने तोंड ओढणीत लपवलं, पण खांदे तिचेही हलत होते.

प्रवेश मिळाला! पहिल्या दिवशी पालकांनाही बोलावलंय. लेक म्हणते, फक्त आईला. तसा नियम खरंच आहे का, हे मी उद्या फोन करून बाईंनाच विचारणार आहे.